मातीची भाजणी आणि संग्राहकाशी व्यवहार : वाचकांचे प्रश्न

सिरॅमिक शिल्पकलेविषयी प्रश्न पाठवावेत असे आवाहन या सदरातून केले, तेव्हा बहुतेक पत्रे भट्टीच्या तंत्राबद्दल असतील असे मला वाटले होते. प्रत्यक्षात निम्मी पत्रे तंत्राची निघाली आणि उरलेली निम्मी शिल्प विकत घेणाऱ्या माणसाशी कसे वागावे, याविषयीची. नाशिकमध्ये अनेक वर्षे हेच काम करत आल्यामुळे मला हे दोन विषय वेगळे वाटत नाहीत. भट्टीत नेमके काय घडले, ते घेणाऱ्याला किती आणि केव्हा सांगायचे, या एका प्रश्नापाशी दोन्ही वाटा येऊन मिळतात. सात पत्रे निवडली आहेत; एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : मी इंदिरानगरला राहते. शिल्पकलेचे शिक्षण झाल्यावर घरीच एक लहान विजेची भट्टी घेतली आहे. जुलै महिन्यात दोन फूट उंचीची, बसलेल्या स्त्रीची आकृती पहिल्याच भाजणीत फुटली. मांडीचा आणि पाठीचा भाग चुरा होऊन भट्टीभर पसरला. शिल्प पंधरा दिवस वाळवले होते आणि हाताला पूर्ण कोरडे लागत होते. चूक कोठे झाली?

उत्तर : हाताला कोरडे लागणे आणि आतून कोरडे असणे यांत पावसाळ्यात फार अंतर पडते. आषाढ-श्रावणात नाशिकची हवा इतकी दमट असते की माती त्या हवेच्या ओलाव्याशी बरोबरी होईपर्यंतच वाळते; त्यापुढे पंधरा दिवस ठेवा की महिनाभर, आतली ओल हलत नाही. मांडी आणि पाठ हेच भाग फुटले, यावरून तिथे मातीची जाडी बाकीच्या अंगापेक्षा जास्त राहिली होती, हे उघड आहे. पाण्याची वाफ झाली की तिला मूळच्या पाण्याच्या सुमारे १६०० पट जागा लागते. पातळ भिंतीतून ती हळूहळू बाहेर पडते, पण जाड गोळ्याच्या पोटात कोंडली की वाट करून घेण्यासाठी माती फोडते. तुमच्या शिल्पाचे तेच झाले आहे.

यापुढे मूर्ती घडवताना माती लेदर हार्ड झाली, म्हणजे बोटाने दाबली तर दबत नाही पण सुरीने कापता येते अशी झाली, की आकृती तारेने दोन-तीन भागांत कापून आतून कोरून घ्या. दोन फुटांच्या कामाला सगळीकडे सारखी, बोटाएवढी जाडी पुरते. कोरलेले भाग ओरखडे पाडून आणि त्याच मातीचा पातळ लगदा लावून पुन्हा जोडा, आणि आतली पोकळी बंद राहणार नाही असे एखादे छिद्र तळाला ठेवा. मातीत भाजलेल्या मातीचा चुरा, म्हणजे ग्रॉग, पाचव्या हिश्शापर्यंत मिसळला तर वाफेला वाट मिळते आणि आकसण्याचा ताणही कमी होतो. वाळवताना शिल्प उघड्यावर ठेवू नका. कान, बोटे, पदराची कड असे पातळ भाग आधी वाळून ओढले जातात, म्हणून त्यांच्यावर प्लॅस्टिक आणि जाड भागावर गोणपाट टाकून सगळे अंग एकाच चालीने वाळू द्या.

वाळले की नाही, हे पाहण्याची जुनी रीत म्हणजे शिल्पाला गाल लावणे. गालाला गार लागले तर ओल बाकी आहे, कारण ते पाणी उडताना उष्णता ओढून घेत असते. पावसाळ्यात मात्र गालावरही विसंबू नये. मी भट्टी ८० ते ९० अंशांवर रात्रभर धरून ठेवतो, झाकण विटेच्या तुकड्याने बोटभर उघडे ठेवतो आणि पहाटे डोकावायच्या भोकापाशी थंड आरसा धरतो. आरशावर धुके आले तर आणखी दोन तास थांबतो. आरसा स्वच्छ राहिला, तरच पुढची आच चढवतो. मोठे शिल्प असेल तर तासाला ५० ते ६० अंशांपेक्षा अधिक वेग ६०० अंश ओलांडेपर्यंत घेत नाही. सुमारे ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या रचनेतच बांधलेले पाणी बाहेर पडते आणि ५७३ अंशांना मातीतल्या क्वार्ट्झचे कण एकाएकी फुगतात. थंड होताना त्याच ५७३ अंशांवर ते तितक्याच एकाएकी आक्रसतात, म्हणून उतरतीच्या वेळीही तिथे घाई चालत नाही. ७०० ते ९०० अंशांत मातीतला सेंद्रिय अंश जळून जायला वेळ द्यावा लागतो. तो आत राहिला तर दुसऱ्या भाजणीत ग्लेझला, म्हणजे वितळून काचेसारखा होणाऱ्या लेपाला, फोड येतात. पहिली भाजणी ९५० ते १००० अंशांपर्यंत न्या आणि आतले तपमान शंभराच्या खाली येईपर्यंत झाकणाला हात लावू नका. हे सगळे सांभाळले तर मोठ्या शिल्पाची एक भाजणी चढण-उतरण धरून अडीच-तीन दिवसांची होते, आणि ती तेवढीच व्हायला हवी.

प्रश्न : माझी विजेची भट्टी सातपूरच्या गाळ्यात आहे. मीटर १२२० अंश दाखवतो तेव्हा मी ती बंद करतो. तरीही एखाद्या वेळी ग्लेझ सुरेख वितळलेले निघते, तर एखाद्या वेळी खरखरीत आणि अर्धे कच्चे. मीटर बिघडला आहे का?

उत्तर : मीटर थोडा बिघडलाही असेल, कारण के प्रकारच्या थर्मोकपलची, म्हणजे भट्टीतले तपमान मोजणाऱ्या काडीची, तार वारंवार १२०० अंशांच्या वर गेली की कालांतराने चुकीचे आकडे दाखवू लागते. तुमची खरी अडचण मात्र वेगळी आहे. ग्लेझ केवळ तपमानाने पिकत नाही, ते तपमान आणि वेळ या दोहोंच्या हिशेबाने पिकते. तीच डाळ मोठ्या आचेवर दहा मिनिटे आणि मंद आचेवर चाळीस मिनिटे ठेवली तर ती सारखी शिजत नाही, तसेच हे आहे. गाळ्यातला विजेचा दाब कमी असला की भट्टी शेवटचे शंभर अंश रेंगाळत चढते आणि ग्लेझ पुरेपूर पिकते. दाब चांगला असला की ती झपाट्याने १२२० गाठते आणि तुम्ही लगेच बंद करता.

याला उपाय कोनचा. बर्लिनच्या हेर्मान झेगर यांनी १८८६ साली ग्लेझच्याच घटकांपासून असे त्रिकोणी सुळके बनवले, की ते ठरावीक आचेचा भार सोसून वाकतात. पुढे अमेरिकेत एडवर्ड ऑर्टन यांनी ती मालिका वाढवली आणि आज आपण वापरतो ते बहुधा ऑर्टनचेच क्रमांक असतात. तुमच्यासाठी पाच, सहा आणि सात क्रमांकाचे कोन मातीच्या पट्टीत ओळीने रोवून खालच्या, मधल्या आणि वरच्या फळीवर ठेवा. सहाचे टोक वाकून पट्टीला टेकले, पाच लोळला आणि सात सरळ उभा राहिला, तर आच बरोबर आहे. तिन्ही फळ्यांवर वेगवेगळे दिसले तर त्याची नोंद ठेवा आणि कोणते ग्लेझ कोणत्या फळीवर जाईल ते त्यावरून ठरवा. भोकातून पाहताना वेल्डिंगचा गडद चष्मा लावा. उघड्या डोळ्यांनी त्या उजेडाकडे पाहण्याची सवय डोळ्यांना कायमचा अपाय करते.

प्रश्न : मी शाळेत चित्रकला शिकवतो. आमच्याकडे भट्टी नाही. मुलांची मातीकामे आपल्या जुन्या कुंभारवाड्यातल्या आव्यात भाजून घेता येतील का? आणि ती पुढे कोणी विकत घेण्याजोगी असतील का?

उत्तर : भाजून घेता येतील, आणि मुलांना ती भाजणी जरूर दाखवा. आव्यातली आच साधारण ७०० ते ९०० अंशांच्या आसपास राहते, म्हणून तिथे भाजलेली वस्तू सच्छिद्र असते आणि पाणी झिरपू देते. तो दोष मानू नये. माठात पाणी गार होते ते त्या झिरपण्यामुळेच. मुलांच्या कामांसाठी मात्र दुकानातली पांढरी स्टोनवेअर माती, म्हणजे बाराशे अंशांच्या आसपास पिकणारी माती, वापरू नका, ती या आचेला पिठूळ राहील. कुंभार ज्या मातीचे माठ घडवतात तीच माती त्यांच्याकडून घ्या आणि ती किती राख, वाळू किंवा लीद घालून मळायची, हेही त्यांनाच विचारा. आवा रचण्याच्या दिवशी मुलांची कामे कोठे ठेवायची तो निर्णय आवा लावणाऱ्याचा असतो, तो मुकाट्याने मानावा, आणि त्याच्या श्रमाचे पैसे त्याने न मागता द्यावेत.

मुलांना सांगण्यासारखी एक गोष्ट आपल्या गावातच आहे. हसमुख सांकलिया आणि शांताराम देव यांनी १९५०-५१ साली नाशिकच्या मातीच्या गढीवर आणि प्रवरेकाठच्या जोर्वे गावी उत्खनन केले. काळ्या रंगाने नक्षी काढलेली, चोच असलेली तांबडी भांडी ज्या संस्कृतीची ओळख ठरली, तिला जोर्वे हेच नाव मिळाले. तीन हजार वर्षांपूर्वीची ती भांडी इतकी नीट भाजलेली आहेत की त्यांवर टिचकी मारली तर धातूसारखा आवाज येतो. कोन आणि मीटर हाती नसलेल्या माणसाने आगीच्या रंगावरून ही आच ओळखली होती, हे मुलांना कळले पाहिजे. विक्रीचे म्हणाल, तर मुलांची कामे शाळेतच राहू द्या, विक्रीचा विचार इतक्यात नको.

प्रश्न : मी शिल्पकार नाही, संग्राहक आहे. आठ महिन्यांपूर्वी प्रदर्शनातून एक स्टोनवेअर शिल्प घेतले. परवा रात्री दिवाणखान्यातून बारीक ‘टिण्’ असा आवाज आला आणि सकाळी पाहतो तर ग्लेझवर केसासारख्या रेषांचे जाळे पसरलेले. शिल्पकाराला विचारले तर तो म्हणाला, हे नैसर्गिक आहे. मला फसवले गेले आहे का?

उत्तर : आपण पाठवलेले छायाचित्र मी भिंग लावून पाहिले. या रेषा ग्लेझपुरत्याच दिसतात, अंगातून, म्हणजे ग्लेझखालच्या भाजलेल्या मातीतून, गेलेला तडा दिसत नाही. तरी एक परीक्षा घरीच करा. शिल्प मऊ कापडावर ठेवून बोटाच्या पेराने ठिकठिकाणी हलकेच वाजवा. आवाज खणखणीत आणि लांबणारा आला तर अंग शाबूत आहे. एखाद्या जागी तो बद्द येऊन लगेच विझला, तर आत तडा आहे. गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटणे मारून कोणते मडके कच्चे ते पारखले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. आमच्या धंद्यात ती परीक्षा रोजची आहे.

रेषांचे कारण असे. भट्टी उतरताना अंग आणि त्यावरचे ग्लेझ दोन्ही आक्रसतात. ग्लेझ अंगापेक्षा अधिक आक्रसणारे असेल तर ते ताणलेल्या चामड्यासारखे अंगावर बसते आणि ताण सहन झाला नाही की बारीक तडकते. सोडियम आणि पोटॅशियम जास्त असलेल्या ग्लेझमध्ये हे हमखास होते आणि सिलिका वाढवली की कमी होते. हे भट्टीतून काढताक्षणीच व्हायचे, ते आठ महिन्यांनी झाले, याचा बहुधा अर्थ असा की अंग पुरते पिकलेले नव्हते. थोडे सच्छिद्र राहिलेले अंग हवेतला ओलावा महिनोन्‌महिने शोषत किंचित फुगत राहते आणि वरचे ग्लेझ त्या फुगण्याने ओढले जाते. म्हणजे आपल्या शिल्पकाराचे ‘नैसर्गिक’ हे उत्तर खोटे नाही, पण ते अर्धे आहे. चीनमध्ये सोंग राजवटीच्या काळात ‘गे’ नावाच्या भांड्यांवर अशी रेषांची जाळी मुद्दाम आणली जात असे आणि तिच्यात रंग भरून ती अधिक उठावदार केली जाई. जो शिल्पकार अशी जाळी हेतुपूर्वक आणतो, तो ती विक्रीच्या आधी दाखवतो. ज्याच्याकडून ती नकळत येते, त्याने आपल्या ग्लेझचे तुकडे उकळत्या आणि बर्फाच्या पाण्यात आळीपाळीने बुडवून पाहिले असते, तर हे घरच्या घरी आधीच कळले असते. मी त्याच्या जागी असतो तर आपल्याला असे सांगितले असते की या रेषांनी शिल्पाच्या आयुष्याला धोका नाही, पण हे मला आधी माहीत असायला हवे होते, आणि आपल्याला नको असेल तर मी ते परत घेतो.

आपण हे शिल्प आता बागेत किंवा गच्चीत ठेवू नका. आपल्याकडे बर्फ पडत नाही, पण निफाडकडे थंडीत पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो आणि पावसाळा चार महिने चालतो. सच्छिद्र अंगाला ते चढउतार मानवत नाहीत. पुसायचे तर कोरड्या मऊ ब्रशने. ॲसिड, व्हिनेगर किंवा फरशी पुसण्याचे द्रव्य त्याच्या जवळ नेऊ नका, कारण ते रेषांमधून आत शिरते आणि डाग कायमचा बसतो.

प्रश्न : मी सिन्नरचा तरुण शिल्पकार आहे. माझे तांबड्या ग्लेझचे एक फूटभर उंचीचे काम प्रदर्शनात विकले गेले. आता एक संग्राहक त्यांच्या कचेरीसाठी हुबेहूब तसेच, पण तीन फुटांचे काम दोन महिन्यांत मागत आहेत. पूर्ण रक्कम आगाऊ द्यायलाही ते तयार आहेत. फक्त गॅलरीला मध्ये न घेता थेट व्यवहार करून किंमत कमी करावी, असे त्यांचे म्हणणे आहे. मी काय करू?

उत्तर : तुमच्या या पत्रात चार वेगवेगळे प्रश्न आहेत आणि चारही प्रश्नांवर मी स्वतः ठेचकाळलो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पहिली गोष्ट, ‘हुबेहूब’ हा शब्द कोणत्याही कागदावर येऊ देऊ नका. तांब्याचे लाल हा सिरॅमिकमधला सर्वांत बेभरवशाचा रंग आहे. ग्लेझमध्ये तांब्याचा अंश अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. गॅसच्या भट्टीत हवा कमी करून, म्हणजे डॅम्पर (धुराड्याची झडप) लोटून आणि ज्योत भुकेली ठेवून, ती आच ग्लेझमधल्या ऑक्सिजनवर तुटून पडेल अशी वेळ आणावी लागते, तेव्हा तो लाल उगवतो. हवा जास्त झाली तर तेच ग्लेझ हिरवे निघते आणि मध्येच गडबड झाली तर यकृतासारखे तपकिरी. माझी एक भट्टी डिसेंबरात अशीच गेली. रात्री अडीच वाजता ज्योत लहान होऊ लागली म्हणून बाहेर जाऊन पाहिले, तर सिलिंडरच्या खालच्या अर्ध्या भागावर पांढरे दहिवर गोठले होते. एकाच सिलिंडरमधून फार वेगाने गॅस ओढला की आतला द्रव गार पडतो, दाब उतरतो, आणि नाशिकच्या थंडीत ते लवकर होते. मी धावत साध्या पाण्याचे टब आणून सिलिंडर त्यांत उभे केले, दाब परत आला, पण मधला पाऊण तास भट्टीत मोकळी हवा शिरली होती. सकाळी एका बाजूला गाजरासारखा लाल आणि दुसऱ्या बाजूला शेवाळी हिरवा असे काम निघाले. तेव्हापासून मी दोनऐवजी चार सिलिंडर एकत्र जोडतो आणि थंडीत टब आधीच भरून ठेवतो. सिलिंडरला कधीही आच किंवा उकळते पाणी लावू नये, हे वेगळे सांगायला नको. संग्राहकाला रंगाचा एकच नमुना न दाखवता त्याच ग्लेझच्या वेगवेगळ्या भाजण्यांतले सहा तुकडे दाखवा आणि ‘काम या सहांच्या दरम्यान कोठेतरी निघेल, ते आपल्याला चालेल का?’ असे विचारा. ज्याला ते चालत नाही, त्याने तुमच्याकडून तांबडे काम घेऊ नये, आणि तसे सांगण्यात तुमचा कमीपणा नाही.

दुसरी गोष्ट मापाची आणि मुदतीची. तुमची माती वाळताना आणि भाजताना मिळून बारा टक्के आक्रसत असेल, तर छत्तीस इंचांचे काम हवे असताना ओले काम जवळपास एकेचाळीस इंचांचे घडवावे लागेल. ते तुमच्या भट्टीत उभे मावते का, की दोन भागांत भाजून जोडायचे, हे आधी ठरवा आणि जोड असेल तर तो दिसेल हेही सांगा. एवढे काम वाळायलाच महिना-दीड महिना लागतो, त्यावर दोन भाजण्या, आणि पहिले बिघडले तर दुसरे. म्हणून मुदत पाच महिन्यांची मागा आणि एक काम मागितले असले तरी दोन घडवा.

तिसरी गोष्ट पैशाची. पूर्ण रक्कम आगाऊ घेऊ नका. ती घेतली की मन नकळत त्या माणसाच्या दडपणाखाली जाते आणि भट्टी घाईने उघडली जाते. मी एक तृतीयांश रेखाटन मान्य झाल्यावर, एक तृतीयांश पहिली भाजणी सुखरूप पार पडल्यावर आणि उरलेली रक्कम काम प्रत्यक्ष पाहून पसंत पडल्यावर घेतो. दुसरा प्रयत्नही फसला तर माल आणि गॅस यांचा खर्च माझा आणि घेतलेले पैसे परत, असे मी पत्रात लिहून देतो. हे पत्र वकिली भाषेत नसते. साध्या मराठीत एक पान असते आणि दोघांच्या सह्या असतात. त्यात माप, मुदत, रंगाची मर्यादा, ने-आण करताना फुटले तर जबाबदारी कोणाची, आणि कामाची छायाचित्रे वापरण्याची मुभा, एवढे आले की पुरे.

चौथी गोष्ट गॅलरीची. प्रदर्शनातल्या विक्रीवर गॅलरी तीस ते पन्नास टक्के घेते, ते तुम्हाला जड वाटत असणार. पण या गृहस्थांनी तुमचे काम त्या गॅलरीच्या भिंतीपाशी, तिच्या दिव्याखाली पाहिले. तिने निमंत्रणे पाठवली नसती, तर आज ही मागणी आली नसती. गॅलरीला फोन करून मागणी आल्याचे सांगा आणि अशा कामावर त्यांचा हिस्सा किती, ते विचारा. घडवून घेतलेल्या कामावर बऱ्याच गॅलऱ्या कमी हिस्सा घेतात. संग्राहकाला किंमत मात्र तीच सांगा. गॅलरीत एक आणि घरी दुसरी अशी किंमत झाली की आधी ज्यांनी पूर्ण किमतीला काम घेतले, त्यांचा तो अपमान होतो, आणि नाशिक-मुंबईच्या या लहानशा वर्तुळात ती गोष्ट महिनाभरात सर्वांना कळते.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगतो. सुरुवातीच्या काळात माझ्या एका शिल्पाच्या तळाजवळ ग्लेझच्या भाजणीनंतर बोटभर लांबीचा तडा निघाला. त्याच्या कडा धारदार होत्या, म्हणजे तो थंड होताना गेलेला होता. चढतीच्या वेळी गेला असता, तर वितळलेल्या ग्लेझने त्याच्या कडा गोल केल्या असत्या. प्रदर्शन चार दिवसांवर होते. मी इपॉक्सीत रंग कालवून तो तडा इतका बेमालूम बुजवला की दोन दिवसांनी मलाही तो शोधावा लागला. शिल्प विकले गेले. दीड वर्षाने ते गृहस्थ वर्तमानपत्रात गुंडाळलेले शिल्प घेऊन कारखान्यात आले. त्यांच्या घरी ते खिडकीशी होते आणि उन्हाने इपॉक्सी पिवळी पडली होती; राखी ग्लेझवर ती पिवळी रेघ स्पष्ट दिसत होती. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढेच विचारले, ‘हे तुम्हाला तेव्हा माहीत होते का?’ मी हो म्हणालो. त्यांनी पैसे परत घेतले नाहीत, शिल्प मात्र माझ्याकडे ठेवून गेले आणि पुन्हा माझ्याकडून काही घेतले नाही. ते शिल्प आजही माझ्या टेबलावर आहे. आता प्रत्येक कामासोबत मी हाताने लिहिलेला कागद देतो. त्यावर माती, ग्लेझ, भाजणीची तारीख, गाठलेला कोन आणि कोठे काही दुरुस्ती केली असेल तर तिची जागा, एवढे असते. दुरुस्ती लिहिलेली कामेही विकली जातात. किंमत थोडी कमी घेतो इतकेच. तुम्ही पहिल्या कामापासूनच हा कागद द्या.

प्रश्न : माझे वीस वर्षांपूर्वी विकलेले एक भित्तिशिल्प परवा कितीतरी पट किमतीला दुसऱ्याकडे गेल्याचे समजले. नव्या मालकाने त्यावर सोनेरी रंग लावल्याचेही ऐकतो. माझा काही हक्क आहे का?

उत्तर : दोन्ही बाबतींत आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या ५३-अ या कलमानुसार मूळ चित्र किंवा शिल्प दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर कलावंताला त्या किमतीत हिस्सा मागता येतो आणि तो जास्तीत जास्त दहा टक्के असू शकतो. हा हिस्सा कोणी आपण होऊन पाठवील, अशी वाट पाहू नये. मूळ विक्रीची पावती आणि कामाची छायाचित्रे जपली असतील तरच तो मागता येतो. सोनेरी रंगाच्या बाबतीत त्याच कायद्याचे ५७ वे कलम पाहा. शिल्प विकले तरी त्याची मोडतोड किंवा विद्रूपीकरण करून कलावंताच्या लौकिकाला बाधा आणण्याचा अधिकार विकला जात नाही. दिल्लीच्या विज्ञान भवनातले अमरनाथ सहगल यांचे ब्राँझचे भित्तिशिल्प १९७९ साली काढून टाकण्यात आले आणि त्याची दैना झाली. ते न्यायालयात गेले, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली त्यांच्या बाजूने निकाल देऊन शिल्पाचे अवशेष परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. तरीही माझा सल्ला असा की नोटीस पाठवण्याआधी नव्या मालकांना एकदा भेटा. सोनेरी रंग लावणाऱ्याला बहुतेक वेळा त्या ग्लेझची किंमत कोणी सांगितलेलीच नसते. रंग न भाजता वरून लावलेला असेल, तर तो योग्य द्रावणाने उतरवताही येतो, पण तो तुमच्या देखरेखीखाली उतरवला जावा.

प्रश्न : माझ्या एका संग्राहकांना भट्टी उघडताना हजर राहायचे आहे. मला संकोच वाटतो, कारण आतून काय निघेल ते मलाच ठाऊक नसते. त्यांना बोलवावे का?

उत्तर : जरूर बोलवा. मी पूर्वी कोणालाही जवळ येऊ देत नसे. ते इपॉक्सीचे प्रकरण झाल्यावर बोलावू लागलो. फक्त वेळ नीट ठरवा. मीटर दोनशे अंशांवर असताना ते उत्सुकतेने ‘जरा फट करून पाहू या’ म्हणतील आणि तुम्हालाही तो मोह होईल. २२६ अंशांच्या आसपास अंगातला क्रिस्टोबलाइट, म्हणजे सिलिकेचाच एक स्फटिक, एकाएकी आक्रसतो, त्याच वेळी थंड हवा लागली तर भरल्या भट्टीत तडे जातात. म्हणून त्यांना संध्याकाळी न बोलावता दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला बोलवा आणि तोवर मीटर साठावर आलेला असेल याची खात्री करा.

गेल्या मार्गशीर्षात माझ्याकडे सत्तरीच्या एक संग्राहक बाई अशाच आल्या होत्या. मी झाकणाच्या विटा एकेक करून उतरवत होतो आणि वरच्या फळीवरच्या वाट्या हवा लागताच बारीक किणकिणू लागल्या. त्यांनी मला थांबायची खूण केली, खुर्ची भट्टीजवळ ओढून घेतली आणि दहा-बारा मिनिटे नुसते ऐकत बसल्या. तो आवाज ग्लेझ तडकण्याचा आहे आणि या वाट्यांवर मी तो हेतुपूर्वक आणला आहे, असे मी सांगितले. त्यांनी विचारले, ‘आणि खालच्या फळीवरच्या त्या मोठ्या शिल्पावर?’ तिथे तो यायला नको होता. आम्ही दोघांनी मिळून ते शिल्प उजेडात नेले, तळापासून वरपर्यंत बोटाने वाजवून पाहिले आणि मानेजवळ आवाज बद्द आला. त्या दिवशी त्यांनी तीन वाट्या घेतल्या. शिल्पाची दुसरी प्रत मी आता वाळत घातली आहे आणि तिच्या भाजणीची तारीख त्यांना कळवली आहे.